तळपाट बदलावाच लागेल

१९ सप्टेंबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलियाने एक हार अधिकृतपणे मान्य केली. जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीचा, तांबूस रंगाचा व्हरोआ नावाचा माइट देशातून समूळ काढता येणार नाही, यापुढे तो आहे असे धरूनच मधमाश्या सांभाळायच्या, असे सरकारे आणि मधव्यवसाय यांच्या संयुक्त गटाने ठरवले. हा माइट सापडण्यापूर्वी मोठ्या मधउत्पादक देशांपैकी एकट्या ऑस्ट्रेलियात हा परजीवी नव्हता. जून २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदरात पहाऱ्यासाठी ठेवलेल्या पेट्यांत तो सापडला. त्यानंतर बाधित ठिकाणांभोवती दहा किलोमीटरच्या पट्ट्यातल्या मधमाश्यांच्या वसाहती मारल्या गेल्या. हजारो पेट्या गेल्या. त्यांतल्या कित्येकांत माइटचा मागमूसही नव्हता. ज्यांनी निरोगी वसाहती आपल्या डोळ्यांदेखत मरू दिल्या, त्या मधपाळांचा राग आम्हाला रास्त वाटतो. तरीही लढाई थांबवण्याचा निर्णय योग्यच होता.

त्याची कारणे दोन. पहिले जंगलातले. १८२२ च्या सुमारास युरोपातून आणलेली मधमाशी तिथे केव्हाच रानटी झाली आणि निलगिरीच्या जुन्या झाडांच्या ढोलीत तिने संसार थाटला. ती सगळी पोळी शोधणार कोण? विषारी आमिषे लावूनही तो हिशेब पुरा होण्यासारखा नव्हता. दुसरे कारण रस्त्यावरचे. दरवर्षी ऑगस्टमध्ये बदाम फुलतो आणि व्हिक्टोरियातल्या रॉबिनव्हेलकडे, मरे नदीकाठच्या बागांकडे ट्रक भरभरून पेट्या निघतात. बदामाला परागीभवनासाठी मधमाशीच लागते, म्हणून हा प्रवास टाळता येत नाही. २०२३ च्या हंगामात याच बदाम पट्ट्यातल्या यूस्टन आणि बालरॅनाल्ड भागात माइट सापडला, तेव्हाच खरे तर निकाल लागला होता.

या सततच्या प्रवासानेच ऑस्ट्रेलियन मधपेटी घडवली आहे. मूळ रचना अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथची, १८५२ मधली: उचलता येणाऱ्या चौकटी आणि माश्यांना ये-जा करता येईल एवढीच मोकळी फट. न्यूकॅसलच्या शेजारच्या मेटलंड गावातल्या पेंडर यांच्या नावाची, थोड्या कमी खोलीची पेटी तिथे आजही विकली जाते. व्यावसायिक मधपाळ मात्र बहुधा आठ चौकटींची पूर्ण खोलीची पेटीच पसंत करतो आणि पिलाव्यासाठी, म्हणजे अंडी-अळ्यांसाठी, नि मधासाठी एकाच मापाच्या पेट्या एकावर एक चढवतो. मधाने भरली की त्यातली एक पेटी तीस किलोच्या आसपास भरते. लाकूड टिकावे म्हणून ते तापलेल्या मेणात बुडवून काढतात. वर सपाट झाकण, खाली घट्ट ठोकलेला तळपाट आणि सगळ्याला आवळणारी पट्टी. रात्री ट्रकवर चढवायचे, पहाटे दुसऱ्या रानात उतरवायचे. यलो बॉक्स, आयर्नबार्क, रेड गम ही झाडे दरवर्षी ठरल्या वेळी फुलत नाहीत, त्यामुळे फुलोरा जिथे तिथे पेटी न्यावी लागते. या कामासाठी अशी बंदिस्त, मजबूत पेटी उत्तमच होती. आता तीच अडचणीची ठरते आहे, कारण तिच्या आत काय चालले आहे ते बाहेरून कळत नाही.

व्हरोआची वीण पोळ्यातल्या झाकलेल्या घरात चालते. मादी माइट अळीच्या घरात शिरते, माश्या त्यावर मेणाचे झाकण लावतात, आणि मग ती आत अंडी घालते. कामकरी माशीचे घर सुमारे बारा दिवस झाकलेले असते, नराचे त्याहून दोनेक दिवस जास्त, म्हणून तिला नराचे घर अधिक आवडते. जन्मणारी माशी दुबळी निघते, आणि पंख चुरगळून टाकणारा विषाणू जिथे असतो तिथे माइट तो एका माशीतून दुसरीत पोहोचवतो. वरून पाहिले तर वसाहत भरलेली, मधही उतरतो आहे, आणि काही आठवड्यांत ती कोसळते.

म्हणून मोजणी. पिलाव्याच्या चौकटीवरच्या सुमारे तीनशे माश्या, म्हणजे साधारण अर्धा कप, जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्यायच्या. त्यात राणी आली नाही ना, हे आधी पाहायचे. वर दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी हलक्या हाताने फिरवायची, दोनेक मिनिटे ठेवायची आणि मग पाण्याच्या पांढऱ्या ताटात जोराने झटकायची. साखर विरघळते, माइट तरंगतात. माश्या जिवंतच पेटीत परततात. मद्यार्कात धुण्याची पद्धत अधिक अचूक आहे, पण त्यात त्या तीनशे माश्या मरतात. तळपाटाच्या जागी जाळी आणि तिच्याखाली सरकता पत्रा बसवला, तर गळणारे माइट रोजच्या रोज दिसतात. सरकारी अनुदानाचा पैसा सगळ्यात आधी इथे लागावा, पेटीत टांगायच्या माइटनाशक औषधाच्या पट्ट्यांवर नंतर.

पट्ट्या आवश्यक आहेतच. पण न मोजता त्या टांगत राहिले आणि तेच ते रसायन वापरत राहिले, तर माइट त्याला दाद देईनासा होतो, हे युरोप-अमेरिकेने भोगून झाले आहे. फवारणीच्या बाबतीत आपल्या कापूस उत्पादकांनाही हे सांगायला नको.

हौशी मधपाळांची काळजी वेगळी. २०१५ मध्ये बायरन बेजवळच्या अँडरसन पितापुत्रांनी नळ फिरवताच मध देणारी फ्लो पेटी आणली आणि परसातल्या मधमाशीपालनाला उधाण आले. आम्ही त्या उपकरणाला नावे ठेवणार नाही. मध काढायला पेटी उघडावी लागत नसली, तरी पिलावा पाहायला ती उघडावीच लागते, हे मात्र प्रत्येक विक्रेत्याने गिऱ्हाइकाला शिकवले पाहिजे. परसातली एक दुर्लक्षित पेटी आसपासच्या सगळ्यांना माइट पुरवते.

या माइटचा मूळ यजमान महाबळेश्वरच्या मधपाळांच्या पेटीत नांदणारी सातेरी माशी आणि तिच्या आशियाई बहिणी. व्हरोआ त्यांच्यात मुख्यतः नराच्याच घरात वाढतो. माश्या एकमेकींच्या अंगावरून तो ओरबाडून काढतात, बाधित पिल्ले बाहेर फेकतात. हजारो वर्षांच्या सहवासातून आलेला हा शहाणपणा युरोपीय माशीकडे फारसा नाही. आशियाई माशीच ऑस्ट्रेलियात नेणे हा मात्र उपाय नव्हे. २००७ मध्ये केर्न्स बंदरात एका नौकेच्या डोलकाठीत ती सापडली आणि आज तिथे उपद्रवी ठरली आहे. उपाय हवा तो युरोपीय माश्यांतूनच अशा सवयीच्या राण्या निवडून वाढवण्याचा. त्याला वर्षे लागतील.

पुढचा बदाम हंगाम तेवढा थांबणार नाही. बागायतदार दर एकरी पेट्यांची संख्या करारात लिहून घेतात. तिथेच प्रत्येक ताफ्याची ताजी माइट मोजणी दाखवण्याची अट घालावी, आणि ती करणाऱ्या मधपाळाला पेटीमागे वाढीव भाडेही द्यावे.