बॉण्डचं वय

रॉजर मूरची चेष्टा सुरू झाली की गाडी हमखास ‘अ व्ह्यू टू अ किल’वर येऊन थांबते. १९८५ साली तो चित्रपट आला तेव्हा मूर ५७ वर्षांचा होता. आमचे अब्बा ५८ला सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. हा गडी त्याच वयात गोल्डन गेट पुलावर मारामारी करत होता. म्हणजे, चेहरा त्याचा, बाकी बरंचसं स्टंटमनचं. टीव्हीवर पाहतानाही ते लपत नाही.

तरी माझं म्हणणं असं, की दोष त्याच्या वयाचा नव्हता. ते वय लपवण्याचा होता.

१९८१च्या ‘फॉर युवर आईज ओन्ली’ची सुरुवात आठवा. बॉण्ड बायकोच्या कबरीवर फुलं घेऊन जातो. पुढे एक कोवळी स्केटर त्याच्या गळ्यात पडू पाहते, तेव्हा हा तिला चक्क आईस्क्रीम खाऊ घालतो म्हणून समजावतो. शोभतं त्याला ते! माझ्या मते मूरचा सगळ्यात चांगला बॉण्ड हाच. ‘अ व्ह्यू टू अ किल’मध्येही एक प्रसंग आहे. तो नायिकेसाठी स्वयंपाक करतो, ती झोपते, हा तिच्या अंगावर पांघरूण घालून बंदूक घेऊन खुर्चीत पहारा देत बसतो. हे एखाद्या थकलेल्या, मायाळू माणसाचं वागणं आहे. पण निर्मात्यांना एवढ्यावर थांबवेना. शेवटी नेहमीचा प्रणय हवाच! नायिकेची आई आपल्यापेक्षा वयानं लहान आहे हे कळल्यावर खुद्द मूरलाच अवघडल्यासारखं झालं होतं. त्याच वर्षाअखेर त्यानं भूमिका सोडली. उशीर झाला हे तो स्वतः पुढे हसत हसत सांगत असे.

मधल्या ‘ऑक्टोपसी’चं चित्रीकरण उदयपूरला झालं. (त्यातला खलनायक कमाल खान, अफगाण शहजादा. साकारलाय फ्रेंच नटानं. खान खलनायक हवा, पण खरा खान नको!) पडद्यावर उदयपूर म्हणजे राजवाडे आणि तलाव. कॅमेऱ्यामागे मात्र मूरनं इथली गरिबी पाहिली आणि ती त्याच्या डोक्यातून गेली नाही. पुढे ऑड्री हेपबर्नच्या आग्रहावरून तो १९९१मध्ये युनिसेफचा सदिच्छादूत झाला. मुलांना आयोडीनयुक्त मीठ मिळावं म्हणून देशोदेशी फिरला. २००३मध्ये त्याला ‘सर’ किताब मिळाला तो याच कामासाठी, बॉण्डसाठी नव्हे. २०१७मध्ये, ८९व्या वर्षी गेला.

लोकांना तरुण बॉण्डच हवा असतो, असं कुणी म्हणेल. असेलही. पण आमच्या घरी तो चित्रपट लागला की अब्बा पुलावरच्या मारामारीत उठून पाणी प्यायला जातात. खुर्चीतल्या पहाऱ्याच्या प्रसंगाला मात्र जागेवरून हलत नाहीत.