टाळी आणि दाद

आपल्या स्नेहसंमेलनात कोणी स्वतः बांधलेली नवी चाल म्हटली की सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. चाल मोबाइलवरून मित्रांना पाठवली की दहा मिनिटांत वीस अंगठे उमटतात. ह्या टाळ्या मीही घेतल्या आहेत आणि घेतल्यापेक्षा अधिक वाटल्या आहेत. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत इंदूरला आत्याकडे तीन आठवडे राहून आलो, आणि तेव्हापासून टाळीवरचा माझा विश्वास उडाला आहे. तो का उडाला, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

इंदूर म्हटले की आपल्याला होळकरांचा राजवाडा आणि सराफ्यातले रात्रीचे खाणे आठवते. मलाही तेवढेच ठाऊक होते. रामबागेत आत्याच्या शेजारी एक जुने घर आहे. त्याच्या माडीवर एक आड एक रविवारी, सकाळचे पोहे-जिलेबी आटोपल्यावर, पंधरा-वीस माणसे जमतात. त्यांत एक निवृत्त शिक्षिका आहेत, बँकेतले एक गृहस्थ आहेत, औषधांच्या दुकानात काम करणारा एक मुलगा आहे, इंजिनियरिंगच्या दोन मुली आहेत. कोणी मराठीत चाल बांधतो, कोणी हिंदीत, कोणी माळवीत. बैठकीला नाव नाही, वर्गणी नाही, बक्षीस नाही. आत्याने माझे कौतुक करून मला तेथे नेले.

तेथील रीत साधी आहे. चाल बांधणाऱ्याने ती दोनदा म्हणायची, दुसऱ्यांदा पेटीशिवाय. आधी खुलासा करायचा नाही. मग ऐकणाऱ्यांनी प्रथम सांगायचे की कानात काय राहिले, आणि नंतर काय खटकले. खटकले ते जागा दाखवून सांगायचे: कोणता शब्द, कोणता सूर, कोणती मात्रा. चाल बांधणाऱ्याने सर्वांत शेवटी बोलायचे, आणि पुढच्या खेपेला तीच चाल दुरुस्त करून आणायची.

मी माझी संमेलनात गाजलेली चाल म्हटली. शब्द माझेच, संध्याकाळी पारिजातक उमलतो आणि अंगण मोहरते, अशी कल्पना. पेटी असताना सारे ठीक वाटले. पेटी बाजूला ठेवली आणि मलाच उघड्यावर आल्यासारखे झाले. गाणे संपल्यावर शिक्षिकाबाईंनी विचारले, "बाळ, तुझं अंगण कुणाशी हरलं?" मला कळेना. मग त्यांनी माझीच ओळ म्हणून दाखवली. मी 'मोहरले' ह्या शब्दात 'मो'वर लांब ठहराव घेऊन श्वास तोडत होतो आणि पुढे समेवर 'हरले' म्हणत होतो. अंगण मो... हरले! माडी हसली. औषधांच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "भैया, सब ठीक है, पर अंतरे में मजा नी आया." का नाही, तेही त्याने सांगितले. शब्दांत संध्याकाळ उतरते आहे आणि माझा अंतरा मात्र तार षड्जाकडे धाव घेतो आहे. अंतरा वर न्यायचा असतो, म्हणून मी तो वर नेला होता. दुसरे कारण नव्हते.

त्या रात्री आत्याने सराफ्यात नेले. भुट्ट्याच्या किसाची चव मला कळली नाही. संमेलनात तीनशे माणसांनी टाळ्या दिल्या, त्यांतल्या एकालाही 'हरले' ऐकू आले नसेल काय? नक्की आले असेल. पण सांगावे असे कोणाला वाटले नाही.

दोन आठवडे मी त्या एका ओळीशी झटलो. श्वास 'अंगण'नंतर घेतला, अंतरा मध्य सप्तकातच फिरवला. पुढच्या बैठकीत पुन्हा म्हटले. बाई म्हणाल्या, "आता हरलं नाही. पण धृपदाकडे परत येताना घाई करतोस." कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. आणि तरी त्या दिवशी जिना उतरताना मला जे समाधान वाटले, ते संमेलनात वाटले नव्हते.

आपल्या भाषेत 'दाद' हा शब्द दोन ठिकाणी येतो. गाण्याला आपण दाद देतो आणि कोर्टात दाद मागतो. शब्द मूळ फारसी, आणि त्याचा अर्थ न्याय. म्हणजे दाद देणे हे न्याय देणे आहे. न्याय द्यायचा तर आधी म्हणणे नीट ऐकून घ्यावे लागते, आणि निकाल प्रत्येक वेळी आपल्या बाजूने लागत नाही. टाळीला ऐकण्याची गरज नसते.

असली बैठक इंदुरात भरते ह्याचे नवल वाटू नये. उस्ताद अमीर खाँ (१९१२-१९७४) ह्याच शहरात वाढले. वडील शाहमीर खाँ सारंगिये. त्यांच्या घरी गवई-वादकांचे येणे-जाणे असे, आणि ते ऐकत मुलगा घडला. पुढे त्यांनी 'सुररंग' ह्या मुद्रेने स्वतःच्या बंदिशी बांधल्या. रामूभैया दाते तर ऐकण्यासाठी प्रसिद्ध झालेले इंदूरकर. भावगीतगायक अरुण दाते त्यांचे चिरंजीव. पण रामूभैयांवर पु. ल. देशपांड्यांनी लिहिले ते त्यांच्या रसिकतेमुळे.

आणि आपल्या बेळगावकरांना जवळचे उदाहरण कुमार गंधर्वांचे. सुळेभावीला ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला हा कन्नड घरातला मुलगा मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकला, आणि १९४८ साली क्षयाने आजारी होऊन इंदूरजवळच्या देवासला राहायला गेला. काही वर्षे गाण्याला मनाई. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली, आणि त्या धुनांतून पुढे मालवती, संजारी, लगनगंधार असे राग उभे केले. १९६५ साली त्यांच्या बंदिशींचा 'अनूपरागविलास' निघाला. ह्या गाण्याला परंपरेबाहेरचे म्हणणारे जाणकार तेव्हा कमी नव्हते. पण त्यांच्या मित्रमंडळात 'नई दुनिया'चे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर आणि नाट्यकर्मी बाबा डिके होते. तिघांचेही क्षेत्र गाण्याबाहेरचे. कुमारांची प्रतिभा मित्रांनी घडवली असे मी म्हणणार नाही. पण नवे काही करणाऱ्याच्या भोवती मन लावून ऐकणारी माणसे असावी लागतात, एवढे ह्यातून दिसते.

आता माझ्या अपराधाविषयी. गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मित्राने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी कन्नड गीताला चाल लावली. प्रार्थनागीत होते, देवाकडे बळ मागणारे. कन्नडात 'बल' म्हणजे सामर्थ्य आणि 'बाल' म्हणजे शेपूट. चालीत तो 'ब' इतका लांबला होता की भक्त देवाकडे शेपूट मागत होता. माझी आई कन्नड बोलते. मला ते पहिल्याच वेळी ऐकू आले. मी म्हणालो, "छान झालीय." त्याचा उत्साह मोडू नये म्हणून म्हणालो, असे मी स्वतःला समजावले. खरे कारण हे की वाईटपणा मला नको होता. स्पर्धेत पहिल्या दोन ओळींतच श्रोते हसू लागले. त्यानंतर त्याने एकही चाल बांधलेली नाही.

बैठकीची कल्पना मी एका प्राध्यापकांपुढे मांडली तेव्हा ते म्हणाले, "टीकेने मुले दुखावतील." ही भीती खोटी नाही. इंदूरच्या बैठकीतही एक गृहस्थ प्रत्येक नव्या चालीवर 'जुन्या गाण्यांची सर नाही' एवढेच म्हणत. पण 'जागा दाखवा' म्हटले की ते गप्प होत. नियम असला म्हणजे टीकेचा काच कमी होतो. आणि न दुखावल्याचा परिणाम काय होतो, ते मी वर लिहिलेच आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी हिशेबतपासनिसाला धंद्याचा शत्रू मानत नाही. चूक वेळेवर दाखवणारा माणूस स्वस्त पडतो.

म्हणून माझी सूचना अशी. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, तास संपल्यावर, एक रिकामी खोली आणि एक पेटी मिळावी. ध्वनिक्षेपक नको, प्रमाणपत्र नको, प्रमुख पाहुणे तर नकोतच. मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांतल्या विद्यार्थ्यांनी तेथे आपल्या कच्च्या चाली आणाव्यात. मराठी चालीवर आधी कन्नड मित्रांनी बोलावे, कन्नड चालीवर मराठी मित्रांनी. शब्द ज्याला कळत नाहीत त्याला नुसती चाल ऐकू येते. शब्द कळणाऱ्याने मग शब्दांचे पाहावे. दोन भाषांचे महाविद्यालय असल्याचा एवढा फायदा तरी आपण घ्यावा.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी त्या मित्राकडे गेलो, 'बल' आणि 'बाल'ची गोष्ट सांगितली, आणि ती येथे लिहिण्याची परवानगी मागितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "लिही. पण मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

पहिल्या बैठकीला तो येईल की नाही, मला माहीत नाही. पेटी मी आणणार आहे.

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)