विश्लेषण : तीन वर्षांच्या हातात पेन्सिल आधी की चिंचोके?

मिरजेत काय, मुंबईत काय, बालवाडीतून घरी आलेल्या मुलाला पहिला प्रश्न ठरलेला असतो : आज काय लिहिलेस? ‘खेळलो’ असे उत्तर आले की पालकांचा चेहरा उतरतो. फी काय खेळण्यासाठी भरली? खरे तर या वयात ‘खेळलो’ हेच बरोबर उत्तर आहे.

धोरण काय सांगते?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ३ ते ८ ही वर्षे ‘पायाभूत स्तर’ म्हणून एकत्र आणली. त्यात पूर्वप्राथमिकची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या अभ्यासक्रम आराखड्याने खेळाला मधल्या सुट्टीतून उचलून थेट शिकवण्याच्या पद्धतीत बसवले. या वयाला परीक्षा योग्य नाहीत, मुलांचे निरीक्षण करावे, असेही त्यात म्हटले आहे. पाठोपाठ फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळणी, कोडी, बाहुल्या असलेला ‘जादुई पिटारा’ आला.

हे नवे खूळ आहे का?

नाही. महाराष्ट्राला ही वाट ताराबाई मोडक यांनी दाखवली. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केल्यावर त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीत आणि पुढे कोसबाडला, अनुताई वाघ यांच्या साथीने, आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण सुरू केले. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. म्हणून बिया, शिंपले, पाने, दगड हीच साधने झाली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथलाच. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला.

खेळातून शिकतात ते काय?

चिंचोके वेगळे करताना मूल वर्गीकरण आणि मोजणी शिकते. माती मळताना, मणी ओवताना बोटांना बळ येते. तिसऱ्या वर्षी मनगटाची हाडे पुरती घडलेली नसतात, तेव्हा पेन्सिलीआधी हे व्हायला हवे. भातुकलीत ‘तू पाहुणी, मी आई’ ठरवताना भाषा वाढते. लगोरीत आपल्या पाळीची वाट पाहताना मन आवरायची सवय लागते. पहिलीत स्वस्थ बसून ऐकायला हीच सवय उपयोगी पडते.

मिरजेला हे वेगळे सांगायला नको. इथल्या सतारमेकर गल्लीत कच्च्या भोपळ्याचा तंबोरा कोणी करत नाही. भोपळा आधी वाळावा लागतो, तारा नंतर चढतात. घाई केली तर वाद्य हातचे जाते. मुलाच्या बाबतीत मात्र तारा आधी चढवण्याची घाई असते.

मग अडते कुठे?

एक, कायद्यात. शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. त्याआधीच्या शिक्षणासाठी राज्याने ‘प्रयत्न करावा’, एवढेच राज्यघटनेच्या अनुच्छेद ४५ मध्ये आहे. दोन, अंगणवाडीत. आहार, वजन, लसीकरण, गृहभेटी आणि मोबाइलवरच्या नोंदी करून सेविकेने खेळ घ्यायचा कधी? खेळ म्हणजे मुलांना मोकाट सोडणे नव्हे. कोणता खेळ कशासाठी, हे ठरवायला वेळ आणि प्रशिक्षण लागते. पिटारा पोहोचवला म्हणजे काम झाले, असे होत नाही. नोंदींचा भार कमी केला नाही तर पिटारा कपाटातच राहील.

तिसरी अडचण घरातली आहे. वह्या भरलेल्या दिसल्या की पालक खूश होतात, म्हणून खासगी नर्सऱ्याही वह्या भरून घेतात. मागणी बदलली तर वर्गही बदलेल. प्रवेश घेताना ‘एबीसीडी कधी येईल?’ याऐवजी ‘मुले दिवसातून किती वेळ खेळतात आणि तेव्हा बाई काय करतात?’ असे विचारून पाहावे.

घरी काय करता येईल?

पैसे लागत नाहीत. मटार सोलणे, भाजी निवडणे, चमचे मोजून मांडणे, झोपताना गोष्ट हे पुरेसे आहे, तेही घरच्या भाषेत. आणि दारातला तो प्रश्न बदलावा. ‘आज काय खेळलास? कोणाबरोबर? भांडण झाले का, मिटले कसे?’ याची उत्तरे द्यायला मुलाला आठवावे लागते, क्रम लावावा लागतो, शब्द शोधावे लागतात. त्या वयाचा अभ्यास तो हाच.