कोरड्या बांधीतला सर्व्हे

मे महिन्यात गोंदियातल्या धानाच्या बांध्या भेगाळून पडलेल्या असतात. धुऱ्यावरचे गवत वाळलेले, बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, तळाशी चिखलाचा काळा तुकडा तेवढा उरलेला. नव्या वीजवाहिनीचा सर्व्हे करायला हीच वेळ सोयीची. गाडी कुठवरही नेता येते, पाय फसत नाहीत, शेतात पीक नसल्याने कोणाची कटकट नसते. कोनाच्या जागी खुंट्या ठोकायच्या, वाटेत येणारी मोठी झाडे मोजायची, घरे चुकवायची आणि नकाशावर रेघ ओढून मोकळे व्हायचे.

दोन महिन्यांनी त्याच बांध्यांत पाणी साचते, रोवणी सुरू होते आणि सारसाची एखादी जोडी धानाच्या मधोमध गवताचा ढीग रचून दोन अंडी घालते. सर्व्हेच्या फायलीत या जोडीचा पत्ता नसतो. खुंटी ठोकली तेव्हा ती तिथे नव्हतीच.

महाराष्ट्रात सारस उरला आहे तो जवळजवळ याच पट्ट्यात: गोंदिया जिल्हा आणि शेजारच्या भंडाऱ्यात मोजके. नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटातही तो आहे. परसवाडा, झिलमिली ही तलावांची नावे पक्षिमित्रांना पाठ आहेत. पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या 'सेवा' या संस्थेचे कार्यकर्ते, वनखाते आणि गावकरी मिळून दर उन्हाळ्याच्या शेवटी पहाटे एकाच वेळी गणना करतात. गेल्या काही वर्षांत जिल्ह्याचा आकडा तीस-चाळीसच्या घरात आणि कधी त्याहूनही खाली राहिला आहे. माणसाच्या उंचीचा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच असलेला हा पक्षी असा बोटांवर मोजायची पाळी आली आहे. त्याच्या मरणाच्या कारणांत कीटकनाशके आहेत, तलावांवरची अतिक्रमणे आहेत आणि विजेच्या ताराही आहेत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. तारांचा प्रश्न त्या सुनावणीतही आला.

गोंदियाला वीज नको आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. तिरोड्याचा ३,३०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प याच जिल्ह्यात आहे. तिथून निघालेली ४०० केव्हीची वाहिनी वरोऱ्याला जाते, आणि ७६५ केव्हीची कोराडी, अकोला करत थेट मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरपर्यंत. राज्याच्या पश्चिमेकडची कितीतरी घरे या तारांवर उजळतात. उन्हाळी धानाच्या पंपाला रात्री नव्हे तर दिवसा वीज मिळावी, ही इथल्या शेतकऱ्याची मागणी तर वर्षानुवर्षांची आहे. वाहिन्या लागणार आहेत आणि पुढे आणखी लागतील. हरकत आहे ती त्या ओढण्याआधी त्यांचा परिणाम कोणी धड मोजत नाही याला.

आणि हे न मोजणे कायदेशीर आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत धरणे आहेत, खाणी आहेत, औष्णिक केंद्रे आहेत, महामार्ग आहेत. पारेषण वाहिनी त्या यादीत नाही. म्हणजे तिरोड्याच्या केंद्राला जनसुनावणी आणि पर्यावरण मंजुरी लागते, पण त्या केंद्राची वीज वाहून नेणाऱ्या शेकडो किलोमीटरच्या तारेला लागत नाही. चूल तपासायची आणि धुराड्याकडे बघायचेच नाही, असा हा कारभार. वाहिनी जंगलातून गेली तर तेवढ्या तुकड्यापुरती वनमंजुरी घ्यावी लागते. अभयारण्यातून गेली तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीकडे प्रस्ताव जातो. शेतातून गेली तर विद्युत कायदा, २००३ चे कलम १६४ पुढे येते आणि त्यामार्गे थेट १८८५ चा तार कायदा. त्यात प्रश्न उरतो फक्त जमीनमालकाच्या नुकसानीचा.

सारस नेमका इथे हरवतो. वनकायद्याला झाडे दिसतात, तार कायद्याला सातबारा दिसतो. सारस झाडावर राहत नाही आणि त्याच्या नावावर सातबाराही नाही. तो राहतो बांधीत, बोडीत, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठच्या उथळ पाण्यात, म्हणजे दोन्ही कायद्यांच्या मधल्या फटीत.

तार या पक्ष्याला दोन तऱ्हांनी मारते आणि त्या दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. आपल्याकडच्या चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते.

पहिली तऱ्हा शॉकची. गावातून शेताकडे जाणाऱ्या ११ केव्हीच्या लाइनीवर दोन तारांमधले अंतर जेमतेम एक मीटरच्या आसपास असते. सारसाने पंख पसरले तर ते दोन मीटरहून अधिक भरतात. दोन तारा एकदम टेकल्या की खेळ संपला. टोलेजंग टॉवरच्या लाइनीवर हा धोका नसतो, तिथे तारांमधले अंतरच कितीतरी मोठे असते. तिथली तऱ्हा धडकेची. त्यातही वीज वाहणाऱ्या जाड तारा निदान दिसतात. घात करते ती टॉवरच्या माथ्यावरून जाणारी, वीज पडण्यापासून लाइनीला वाचवणारी बारीक अर्थवायर. जाड तार दिसली म्हणून पक्षी वर चढतो आणि नेमका तिच्यावर आदळतो.

एवढा मोठा पक्षी, एवढे मोठे आभाळ, मग त्याला तार दिसू नये? २०१० मध्ये ग्रॅहम मार्टिन आणि जेसिका शॉ या संशोधकांनी आफ्रिकेतला निळा क्रौंच, कोरी माळढोक आणि पांढरा करकोचा यांच्या दृष्टीचा अभ्यास केला. निष्कर्ष असा की यांतल्या क्रौंच आणि माळढोकासारख्या पक्ष्यांनी उडताना जमिनीकडे पाहायला मान जराशी खाली झुकवली, की पुढच्या दिशेला त्यांना काहीच दिसत नाही. चारा आणि सोबती खाली असतात, त्यामुळे नजर खाली जाते आणि समोरची तार त्या क्षणी आंधळ्या पट्ट्यात सापडते. सारस याच क्रौंच कुळातला. त्यात तो रातथाऱ्याच्या तलावाकडून चरायच्या बांधीकडे जातो उजाडताना आणि परततो दिवे लागणीला. हिवाळ्यात पहाटे वैनगंगेच्या आणि बाघ नदीच्या खोऱ्यात धुके असते. या वेळी शेजारच्या पोलावरची तार माणसालाही दिसत नाही.

उत्तर प्रदेशात सारस भरपूर, म्हणून तिथला अभ्यास मोलाचा. के. एस. गोपी सुंदर आणि बी. सी. चौधरी यांनी एटावा-मैनपुरी भागात तारांमुळे मरणाऱ्या सारसांची मोजदाद करून २००५ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्या भागातले सुमारे एक टक्का सारस दर वर्षी तारांपायी जातात, असे त्यातून दिसले. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. हजारो सारस असलेल्या मुलखात तो कदाचित पचूनही जाईल. गोंदियात तीस पक्षी धरले तर एकच सारस मेला की तीन टक्के गेले. जोडीतला मेला तर त्या वर्षीची वीण बहुधा बुडाली. या पक्ष्याची पिल्ले वर्षाला एक, फार तर दोन, आणि त्यांना स्वतःची वीण करायला पुढे काही वर्षे लागतात. चिमण्यांचा हिशेब सारसाला लावता येत नाही.

म्हणून मूल्यांकन करायचे तर ते नीट करावे लागेल. लाइनीखाली फिरून मेलेले पक्षी मोजले आणि काही सापडले नाही असा अहवाल दिला, तर तो कागद फसवा असतो. उभ्या धानात पडलेला पक्षी दिसत नाही. दिसण्याआधी कुत्री आणि कोल्हे त्याची विल्हेवाट लावतात. अभ्यासक त्यासाठी मुद्दाम मेलेल्या कोंबड्या ठेवून किती दिवसांत त्या नाहीशा होतात ते पाहतात आणि मग सापडलेल्या आकड्याला त्या प्रमाणात वाढवून घेतात. राजस्थानच्या थर वाळवंटात भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी अशा रीतीने हिशेब केला तेव्हा वर्षाला ऐंशी हजारांहून अधिक पक्षी तारांना धडकून मरत असल्याचा अंदाज निघाला. त्याच वाळवंटातल्या माळढोकाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश झाला आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो सैल करून तज्ज्ञ समिती नेमली, कारण सौरऊर्जेच्या मोठ्या वाहिन्या सरसकट जमिनीत पुरणे अशक्यप्राय आणि अफाट खर्चाचे ठरत होते. मोजणी आधी झाली असती, तर लाइनी उभ्या राहिल्यावर कोर्टात भांडण्याची वेळ आली नसती.

गोव्यातले उदाहरण जवळचे आहे. छत्तीसगडच्या तमनारची वीज गोव्यात आणण्यासाठी ४०० केव्हीची वाहिनी मोले राष्ट्रीय उद्यानातून नवा मार्ग फोडून न्यायची होती. २०२० मध्ये गोव्यात त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले, की तिथे आधीच २२० केव्हीची जुनी लाइन आहे, नवी वाहिनी तिच्याच पट्ट्यातून न्या. इतका साधा पर्याय आधी कोणाला सुचला नाही? सुचला असेलही. तो वेळेत कोणी नीट तपासला नाही, एवढेच.

जंगलाचा मुद्दा गोंदियालाही लागू आहे. ४०० केव्हीच्या लाइनीला ४६ मीटर रुंद पट्टा लागतो, ७६५ केव्हीच्या दुहेरी लाइनीला ६७ मीटर. म्हणजे दर किलोमीटरला साडेचार ते पावणेसात हेक्टर. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये झाला. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून पाहिलेला नवेगावबांधचा परिसर त्यातच येतो. हे जंगल सलग नाही, तुकड्यातुकड्यांचे आहे, आणि कान्हा, पेंच, ताडोबा यांना जोडणारा वाघांचा रस्ता याच तुकड्यांमधून जातो. तिथे नवा पट्टा किती झाडे खातो हा झाला एक प्रश्न. तो पट्टा कोणत्या दोन तुकड्यांच्या मधे पडतो, हे झाडांच्या यादीतून कळत नाही.

शिवाय त्या यादीत मोहाचे झाड हे एक झाड म्हणून येते. देवरी-सालेकसाकडच्या घरात तेच झाड मार्च-एप्रिलची मिळकत असते. २०१३ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने एक परिपत्रक काढून रस्ते, कालवे, वाहिन्या अशा लांबट प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीतून बहुतेक ठिकाणी सूट दिली. तेव्हापासून मोहाची किंमत सांगायची संधीही गावाला राहिली नाही. टॉवरखालच्या जमिनीची भरपाई मात्र वाढत गेली आहे. २०१५ मध्ये केंद्राने जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के देण्याची शिफारस केली होती. जून २०२४ मध्ये ती २०० टक्क्यांवर आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्क्यांवर नेली. हे योग्यच झाले. पण पैशाचे गणित जमले की सगळे जमले, असे मानायची सवयही त्यातून लागते.

मोठ्या लाइनींवर निदान कोणी भांडते तरी. लहान लाइनींचे काय? २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू आहे. गावोगावच्या उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प आणि त्यांना जोडणाऱ्या ११ आणि ३३ केव्हीच्या लाइनी. शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायचा हा चांगला मार्ग आहे. सौर प्रकल्पांना पर्यावरण आघात मूल्यांकनातून सूट आहे आणि एवढ्याशा लाइनीचे मूल्यांकन करावे असे कोणाच्या मनातही येत नाही. तरी शॉकची तऱ्हा नेमकी याच लाइनींची. वाघालाही हीच लाइन नडते. रानडुकरासाठी आकडा टाकून शेताभोवती सोडलेल्या जिवंत तारेने विदर्भात किती वाघ मेले ते वनखात्याच्या नोंदीत आहे. नागझिऱ्यात जन्मलेल्या आणि २०१६ मध्ये बेपत्ता झालेल्या प्रसिद्ध 'जय' वाघाचा बछडा श्रीनिवास एप्रिल २०१७ मध्ये नागभीड भागात असाच गेला. ७६५ केव्हीवर कोणी आकडा टाकत नाही. तो पडतो रानाच्या कडेने नेलेल्या ११ केव्हीवर किंवा त्याहून कमी दाबाच्या तारेवर.

उपाय अवघड नाहीत, महागही सगळे नाहीत. तलावाच्या दोन-तीन किलोमीटरच्या टप्प्यात ११ केव्हीची तार आवरण असलेली वापरावी किंवा जमिनीखाली घालावी. तेवढे महावितरणला जड जाऊ नये. मोठ्या लाइनीच्या माथ्यावरच्या अर्थवायरीला ठरावीक अंतरावर फिरत्या, चमकत्या चकत्या लावाव्यात. जगभरच्या अभ्यासांचा गोषवारा सांगतो की त्यांनी धडका साधारण निम्म्यावर येतात. निम्म्या उरतात, हेही लक्षात ठेवायला हवे. अमेरिकेत नेब्रास्कातल्या प्लॅट नदीवर २०१८ मध्ये लाइनीवर अतिनील दिवे लावून पाहिले, जे क्रौंचांना दिसतात आणि माणसाला फारसे जाणवत नाहीत. तिथे धडका ९८ टक्क्यांनी घटल्या. परसवाड्याच्या तलावाजवळ असा एखादा प्रयोग करून पाहायला मोठी रक्कम लागणार नाही.

पण चकत्या आणि दिवे लाइन ठरल्यानंतरचे. मार्ग ठरायच्या आधी पाहणी झाली, तर बरेचदा चकतीची गरजच पडत नाही, कारण लाइन तलाव आणि बांधी यांच्या मधून न जाता तलावाच्या मागून जाते. यासाठी कायदा बदलेपर्यंत थांबायलाही नको. पॉवरग्रिड या केंद्राच्या कंपनीने १९९८ मध्येच स्वतःचे पर्यावरण आणि समाजविषयक धोरण ठरवून मार्गांचे पर्याय तपासायला सुरुवात केली होती. महापारेषण आणि खासगी कंपन्यांना तेच करता येईल. राज्य सरकारला एक आदेश काढता येईल: गोंदिया, भंडाऱ्यात ११ केव्ही आणि त्याहून वरची कोणतीही नवी लाइन आखण्याआधी दोन पाहण्या, एक जुलै ते सप्टेंबरमध्ये वीण चालू असताना आणि दुसरी डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या धुक्यात. सारस कुठून उठतो, किती उंचीवरून जातो आणि कुठे उतरतो, याची नोंद. शेजारच्या जुन्या लाइनींचा एकत्रित हिशेबही त्यात हवा, कारण प्रत्येक नव्या लाइनीचा परिणाम एकटा पाहिला की तो नेहमीच थोडाच दिसतो.

नोंदी ठेवणारी माणसे जिल्ह्यात आहेत. कोणत्या बांधीत घरटे आहे हे त्या बांधीच्या मालकाला ठाऊक असते. काही शेतकरी घरट्याभोवतीचे धान कापायचे मागे ठेवतात. सेवा संस्थेच्या वह्यांमध्ये वर्षानुवर्षांच्या गणना आहेत, तलावनिहाय. या वह्या मार्ग आखणाऱ्या इंजिनिअरच्या टेबलावर जायला हव्यात, त्याही मे महिन्यात खुंट्या ठोकायला निघण्यापूर्वी.