१२ जणांची बोट १२ जण बसल्यावर पळते का? जुनी डेक बोट घेताना नेमकं काय बघायचं

अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटी मेमोरियल डेची सुट्टी आली की तलावांवर बोटींची गर्दी सुरू होते. अटलांटाजवळचा लेक लेनियर, शार्लटजवळचा लेक नॉर्मन, ऑस्टिनचा लेक ट्रॅव्हिस ही त्यातली मोठी नावं. या शहरांत मराठी कुटुंबंही बरीच आहेत. दोन-तीन कुटुंबांनी वर्गणी काढून जुनी बोट घ्यायची, उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आई-बाबांना फिरवायचं, मुलांना ट्यूबवर बसवून ओढायचं, असा बेत मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शिजू लागतो. आणि पहिला फोटो येतो तो बहुतेक वेळा डेक बोटीचा. रुंद, गाद्यांची, छत्रीवाली आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरांत '१२ प्रवासी'.

फसगत होते ती याच आकड्यापाशी. बोटीत किती माणसं मावतात आणि तेवढी माणसं बसल्यावर बोट कशी चालते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विकणारा पहिल्याचं उत्तर देतो. पैसे मोजावे लागतात ते दुसऱ्यासाठी.

डेक बोट म्हणजे काय?

नेहमीची स्पीडबोट पुढे निमुळती होत जाते. डेक बोटीत मागची रुंदी जवळजवळ पुढच्या टोकापर्यंत नेलेली असते. त्यामुळे २२-२४ फुटांच्या बोटीतही पुढे ऐसपैस बसायला जागा मिळते. तळ मात्र पाँटून बोटीसारखा अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा नसून फायबरग्लासचा, थोडा 'व्ही' आकाराचा असतो. म्हणजे पाँटूनची जागा आणि स्पीडबोटीचा वेग या दोन्हींची सांगड. शिडी, मागे पोहायला उतरण्याचा फलाट, बर्फपेटीची जागा, टेबल, काहींत छोटंसं स्वच्छतागृहही. हरिकेन, सी रेचं सनडेक, शापारॅलचं सनेस्टा ही जुन्या बाजारात नेहमी दिसणारी नावं. बहुतेकांची रुंदी साडेआठ फुटांच्या आत ठेवलेली असते, कारण त्याहून रुंद बोट ट्रेलरवरून रस्त्याने न्यायची तर बहुतेक ठिकाणी वेगळा परवाना लागतो.

कुटुंबासाठी ही रचना चांगलीच आहे. आजी-आजोबांना चढायला सोपी, लहान मुलांना उंच कडा. त्याबद्दल वाद नाही.

मग अडतं कुठे?

एसटीत सगळे पुढे येऊन उभे राहिले तरी गाडीचं तोंड खाली जात नाही. बोटीचं जातं. डेक बोटीचं मोठं आकर्षण म्हणजे पुढची प्रशस्त जागा. साहजिकच पाहुणे तिथेच बसतात. पाच-सहा मोठी माणसं पुढे बसली की साडेतीनशे-चारशे किलो वजन टोकावर येतं. दुसऱ्या बोटीची लाट आली की पाणी थेट पुढून आत येऊ शकतं.

दुसरी अडचण वेगाची. वेग वाढला की अशी बोट पाणी कापत जाण्याऐवजी पाण्यावर चढून घसरू लागते. याला 'प्लेनिंग' म्हणतात. त्या स्थितीत यायला इंजिनाला सगळ्यात जास्त जोर लावावा लागतो. विकणारा आणि घेणारा असे दोघंच बसले असतील तर २६० अश्वशक्तीचं इंजिन चार-पाच सेकंदांत बोट उचलतं. त्याच बोटीत १० माणसं, भरलेली टाकी आणि मागे ट्यूब असेल तर तेच इंजिन धापा टाकतं. नाक वर, शेपूट खाली, चालवणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. पुढे पोहणारं कुणी असेल तर नेमक्या याच वेळी धोका सर्वाधिक.

प्रवासीसंख्येचा आकडा येतो कुठून, हेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेत २० फुटांहून लहान मोटारबोटींवर क्षमतेची पाटी सक्तीची आहे. त्याहून मोठ्या बोटींवर केंद्रीय कायद्याने ती सक्तीची नाही. पाटी नसेल तर सर्रास वापरला जाणारा हिशेब असा: लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. २४ फूट गुणिले साडेआठ म्हणजे २०४, भागिले १५ म्हणजे १३ माणसं. या गणितात इंजिन कुठेच नाही. अश्वशक्ती १५० असो वा ३००, उत्तर १३च.

चाचणी कशी घ्यायची?

म्हणूनच जुन्या डेक बोटीची खरी परीक्षा एकच, ती म्हणजे भरलेल्या बोटीची पाण्यावरची फेरी. अंगणात पाण्याचा पाइप लावून इंजिन सुरू करून दाखवलं, याला चाचणी म्हणत नाहीत. विकणारा १० पाहुणे नेऊ देणार नसेल तर चार-पाच मोठी माणसं न्या आणि बाकी वजनासाठी पाण्याचे कॅन भरा. २० लिटरचा एक कॅन म्हणजे २० किलो. टाकीही पूर्ण भरलेली हवी. ५० गॅलन पेट्रोलचंच वजन साधारण १३८ किलो होतं.

मग तीन गोष्टी बघा. बोट पाण्यावर चढायला किती सेकंद लागले? पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे मिनिटाचे फेरे कंपनीने दिलेल्या मर्यादेत पोचतात का? आणि ताशी २०-२५ मैलांच्या साध्या वेगात बोट लाटांवर किती आपटते? डेक बोटीचा तळ पुढे सपाट आणि रुंद असल्याने ती खोल 'व्ही' तळाच्या बोटीपेक्षा जास्त आपटते. वारा असलेल्या दुपारी ६५ वर्षांच्या पाठीला हे लगेच जाणवतं.

फेरे कमी पडत असतील तर घाबरून सौदा मोडायची गरज नाही. अनेकदा दोष पंख्याचा असतो. आधीच्या मालकाने कमाल वेगासाठी मोठ्या 'पिच'चा प्रोपेलर बसवलेला असतो. पिच एक इंचाने कमी केला की फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात आणि भरलेली बोट लवकर उचलते. कमाल वेग थोडा घटतो. घटू द्या, कुटुंब घेऊन शर्यत कोण लावतंय?

इंधनाचाही हिशेब आधीच करा. पूर्ण जोरात चालणारं पेट्रोल इंजिन एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण अर्धा पौंड पेट्रोल खातं. २६० अश्वशक्तीला १३० पौंड, म्हणजे सुमारे २१ गॅलन, जवळपास ८० लिटर. अर्ध्या जोरात हा आकडा बराच खाली येतो, पण ट्यूब ओढताना अर्ध्या जोरात कुणी राहत नाही.

'फक्त ८० तास चाललेली' बोट चांगली का?

गाडीचे किलोमीटर तसे बोटीचे तास. पण इथे गाडीचं तर्कशास्त्र लावलं तर चूक होते. १० वर्षांत ८० तास म्हणजे बोट नुसती उभी होती. उभ्या बोटीत पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी चक्र कडक होतं, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी शोषून खराब होतं, स्टर्नड्राइव्हचे रबरी भाते चिरतात. चिरलेल्या भात्यातून पाणी थेट बोटीत शिरतं. दरवर्षी ५०-६० तास चाललेली, सर्व्हिसची बिलं जपलेली बोट त्यापेक्षा कितीतरी बरी. तासांचा आकडाही डॅशबोर्डवरून घेऊ नका. नव्या इंजिनांच्या संगणकात तो नोंदलेला असतो, मेकॅनिककडून वाचून घ्या.

थंडीचा प्रश्न वेगळा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावतं आणि इंजिनात राहिलं असेल तर लोखंडी ब्लॉक फोडतं. मिशिगनमध्ये लोक हे विसरत नाहीत, दक्षिणेत विसरतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गोठलं होतं. त्याआधीची बोट तिथून घेत असाल तर त्या आठवड्यात ती कुठे आणि कशी ठेवली होती, हे विचाराच. इंजिन ऑइल दुधाळ दिसलं तर तिथूनच परत फिरा.

मागची उभी भिंत आणि जमीन हाही खर्चाचा मोठा खड्डा. अनेक जुन्या बोटींत फायबरग्लासच्या आत प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतून कुजतं आणि वरून मात्र चकचकीत दिसतं. हलक्या हातोडीने ठोकून बघितलं तर निरोगी जागी टणक आणि कुजलेल्या जागी बद्द आवाज येतो. अर्थात हे काम सर्व्हेयरला देणं शहाणपणाचं. तो बोटीच्या लांबीप्रमाणे फी घेतो. तीन कुटुंबांत वाटली तर ती जाणवतही नाही, पण हीच फी वाचवायचा मोह सगळ्यांना होतो. गाद्या फाटल्या असतील तर मात्र फार मनाला लावून घेऊ नका. गादी शिवता येते.

आई-बाबा आणि मुलं बसणार असतील तर?

अमेरिकी तटरक्षक दलाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये तिथे मनोरंजनाच्या बोटींवर ५६४ जणांचा मृत्यू झाला. मृत्यूचं कारण कळलं त्या प्रकरणांत तीन चतुर्थांश लोक बुडाले होते आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांनी लाइफ जॅकेट घातलेलं नव्हतं. केंद्रीय नियमानुसार बोट चालू असताना उघड्या डेकवरच्या १३ वर्षांखालील मुलांना जॅकेट घालावंच लागतं. पोहता न येणाऱ्या आजी-आजोबांसाठी कायदा काही म्हणत नाही. तो नियम घरच्यांनी करायचा. जुन्या बोटीसोबत मिळणारी जॅकेट बहुधा एकाच मापाची आणि विटलेली असतात, त्यामुळे नव्या जॅकेटचे पैसे बोटीच्या किमतीतच धरा.

इंजिन चालू असताना मागच्या फलाटावर कुणालाही बसू देऊ नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो आणि तो नेमका तिथेच साचतो. पेट्रोलचं आतलं इंजिन असेल तर सुरू करण्याआधी ब्लोअर किमान चार मिनिटं चालवायचा. चाचणीच्या दिवशी ब्लोअर बंद निघाला तर दुरुस्त होईपर्यंत किल्ली फिरवू देऊ नका. चालक पाण्यात पडला की इंजिन बंद करणारी दोरी असलेल्या, २६ फुटांहून लहान बोटींना १ एप्रिल २०२१ पासून वेगात असताना ती दोरी लावणं बंधनकारक आहे. ती दोरी बोटीत आहे का आणि ओढल्यावर इंजिन खरंच बंद पडतं का, हे त्याच फेरीत करून बघा.

कागदपत्रांत बोटीचा १२ अक्षरांचा ओळख क्रमांक मागच्या भिंतीच्या उजव्या बाजूला कोरलेला असतो. शेवटची दोन अक्षरं मॉडेलचं वर्ष सांगतात. तो नोंदणीशी जुळवा आणि बोटीवर कर्ज बाकी नाही ना, हे तपासा. तीन कुटुंबं मिळून घेत असतील तर नाव कुणाचं, विमा कुणाचा आणि चालवायची परवानगी कुणाकुणाला, हे विमा कंपनीला लेखी कळवलेलं हवं. विमा एकाच्या नावावर आणि सुकाणूवर दुसराच असेल, तर अपघातानंतर दावा अडकू शकतो.