बोवेन : नकाशावरून पुसलेला मतदारसंघ

मतपेटीतून श्रमिकांचा खरा प्रतिनिधी बाहेर पडला, की बूर्झ्वा लोकशाहीचे गोडवे गाणारे खेळाचे नियमच बदलतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या बोवेन मतदारसंघाचा इतिहास याची साक्ष देतो. तेथे नियम बदलणारे हात उघड भांडवली पक्षाचे नव्हते, मजूर पक्षाचे होते!

उसाचे मळे आणि कॉलिन्सव्हिलच्या कोळसा खाणी यांचा हा उत्तरेकडील मुलूख. १९४४ साली येथील मतदारांनी कम्युनिस्ट बॅरिस्टर कॉ. फ्रेड पॅटरसन यांना विधानसभेवर पाठविले. ऑस्ट्रेलियाच्या कोणत्याही विधिमंडळात कम्युनिस्ट पक्षाच्या नावावर निवडून आलेले ते एकमेव सभासद होत. १९४७ साली मतदारांनी त्यांच्यावर पुन्हा विश्वास टाकला.

१९४८ साली वेतनवाढीसाठी रेल्वे कामगारांनी संप पुकारला. हॅनलन यांच्या मजूर सरकारने आणीबाणी जाहीर करून पोलिसांना अमर्याद अधिकार दिले. १७ मार्च रोजी ब्रिस्बेनच्या रस्त्यावर पोलिसी मारहाणीची नोंद घेत असलेल्या पॅटरसन यांच्या डोक्यावर मागून दंडुका बसला. ते गंभीर जखमी झाले, पण मतदारसंघ त्यांच्याकडेच राहिला. मग दंडुक्याने न साधलेले काम कायद्याने साधण्यात आले. १९४९ च्या पुनर्रचना कायद्याने राज्याचे चार विभाग पाडले, जागा ६२ वरून ७५ केल्या आणि बोवेनचे तुकडे केले. १९५० साली नव्या व्हिट्संडे मतदारसंघात पॅटरसन पराभूत झाले.

विरळ वस्तीच्या दूरच्या भागांना न्याय देण्यासाठी हे केले, असा या कायद्याच्या समर्थकांचा दावा होता. राजधानीपासून शेकडो मैलांवरचा बोवेन मग दूरचा नव्हता काय? न्याय कोणाला मिळाला, हे आकडेच सांगतात : १९५० साली ४७ टक्क्यांहून कमी मते घेऊन मजूर पक्षाने ७५ पैकी ४२ जागा बळकावल्या.

पण परजलेले शस्त्र मालक ओळखत नाही. १९५७ साली फुटलेला मजूर पक्ष सत्तेवरून गेला. त्यानेच रुजवलेली विभागपद्धती प्रतिगाम्यांनी आपल्या सोयीने वाकवून वापरली आणि मजूर पक्षाला १९८९ पर्यंत, तब्बल ३२ वर्षे, सत्तेबाहेर बसावे लागले.

कम्युनिस्टांविरुद्ध खणलेल्या खड्ड्यात अखेर लोकशाहीच पडते. म्हणून मतदारसंघांच्या सीमा हा केवळ नकाशे आखणाऱ्यांचा तांत्रिक विषय नव्हे. जेथे जेथे त्या नव्याने आखल्या जातील, तेथे तेथे श्रमिक जनतेने एकच प्रश्न विचारला पाहिजे : ही रेघ कोणाच्या हिताची आहे?