पन्नाशीनंतरची विस्मृत तपासणी

'अंगावर काढणे' हा मराठीतील मोठा बोलका वाक्प्रचार आहे. ताप, कंबरदुखी, थकवा असे सारे काही अंगावर काढीत संसाराचा गाडा ओढण्यात असंख्य स्त्रियांचे आयुष्य सरते, आणि समाजही या सोशिकतेला सद्‌गुण मानून तिचे पोवाडे गातो. परंतु काही रोगांच्या बाबतीत हीच सोशिकता प्राणावर बेतते. स्तनाचा कर्करोग हा त्यांपैकी एक होय. या रोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. जे दुखत नाही ते डॉक्टरांना दाखवायचे कशाला, असे म्हणून साठीच्या घरातील आजी गप्प राहते. आणि गाठ वाढून जखम झाली, काखेत अवधाण आले, म्हणजे मग घरात धावपळ सुरू होते. तोवर बहुमोल काळ हातचा गेलेला असतो.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना या रोगाने गाठले आणि ९८ हजारांवर स्त्रिया त्याला बळी पडल्या. वस्तुतः वेळीच हाती लागला तर हा रोग बऱ्या होणाऱ्या कर्करोगांत मोडतो. तरीही एवढे बळी जातात, याचे एक मोठे कारण रुग्ण उशिरा रुग्णालयात पोहोचतात हेच आहे. भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने लहान वयात आढळतो, असे वारंवार सांगितले जाते. ते खरेही आहे. पण त्यावरून उतारवयाच्या स्त्रिया सुरक्षित आहेत असा जो समज पसरला आहे, तो साफ चुकीचा होय. चाळिशीपेक्षा साठीत या रोगाचा धोका अधिक असतो.

ब्रिटनमध्ये १९८८ पासून पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांची दर तीन वर्षांनी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, केली जाते. ती यंत्रे आणि त्यांवरील चित्रे वाचणारे तज्ज्ञ भारतातील प्रत्येक तालुक्याला पुरविणे आजमितीस शक्य नाही. मग हातावर हात ठेवून बसावे काय? या प्रश्नाचे उत्तर मुंबईनेच दिले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईतील वीस वस्त्यांत एक प्रदीर्घ प्रयोग आरंभिला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हाताने तपासणी केली. त्या डॉक्टर नव्हत्या आणि त्यांच्यापाशी यंत्र नव्हते. होती ती शिकून तयार झालेली बोटे.

वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या स्त्रियांत रोग पुढच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण शेकडा ३७ होते, तर इतर स्त्रियांत ते शेकडा ४७ होते. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंत सुमारे १५ टक्के घट दिसली, मात्र ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरली नाही. परंतु पन्नास व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत ही घट जवळजवळ ३० टक्के, आणि निर्णायक होती. वयानुसार केलेले हे विश्लेषण मागाहूनचे आहे, त्यामुळे त्याकडे काहीशा सावधपणे पाहावयास हवे, हे मान्य. पण ज्या देशात दुसरा सुलभ उपाय उपलब्ध नाही, तेथे हा पुरावा दृष्टीआड करणे शहाणपणाचे नव्हे.

आता व्यवहार काय सांगतो ते पाहावे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी हाताने तपासणी करावी, असे नमूद आहे. मुंबईच्या प्रयोगात दोन वर्षांचे अंतर होते, येथे ते पाच झाले. आणि पासष्टीनंतर तर यादीतून नावच गळते. तेही कागदावर! २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत अशी तपासणी कधीतरी झालेली स्त्री एकदेखील भरली नाही. याहून उद्बोधक गोष्ट अशी की, या पाहणीत स्त्रियांना प्रश्न विचारले जातात ते वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंतच. म्हणजे ज्या वयात तपासणीचा लाभ सर्वाधिक दिसला, त्या वयाच्या स्त्रिया मोजल्याच जात नाहीत. अपत्यसंभवाचे वय संपले की शासनाच्या लेखी स्त्रीचे आरोग्यही संपते की काय?

आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन जो तक्ता भरते, त्यात स्तनातील गाठीविषयी प्रश्न असतो. पण सुना-नातवंडांच्या देखत विचारलेल्या प्रश्नाला आजी 'नाही' याखेरीज दुसरे काय उत्तर देणार? नुसते विचारणे म्हणजे तपासणे नव्हे. त्यासाठी आडोसा हवा, स्त्रीचा हात हवा आणि धीराचे दोन शब्द हवेत.

तपासणी म्हणजे जादूची कांडी नव्हे. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. निष्कारण घबराट होऊ शकते. पंचाहत्तरीपुढे सरसकट तपासणीने लाभ होतो याचा पुरेसा पुरावा नाही. तेथे त्या स्त्रीची प्रकृती आणि तिची इच्छा पाहूनच निर्णय घेणे इष्ट. शिवाय गाठ सापडल्यावर तिचा तुकडा तपासण्याची सोय जवळपास नसेल, तर सारेच व्यर्थ. उपचारांसाठी आज महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान भारत योजनेचे कवचही लाभले आहे. मात्र रोग ओळखलाच गेला नाही, तर हे कवच वेळेवर उपयोगी पडणार कसे?

तेव्हा पन्नाशीपुढील स्त्रियांची दर दोन वर्षांनी आरोग्यसेविकेकडून तपासणी, पासष्टीची मर्यादा शिथिल करणे आणि या वयाच्या स्त्रियांची पाहणीत गणना, एवढ्या तीन गोष्टी शासनाने हाती घ्याव्यात. सुशिक्षित घरांचे कर्तव्यही यांहून निराळे नाही. वडिलांची रक्तातील साखर किती हे मुलाला पाठ असते; आईच्या डोळ्यांतील मोतीबिंदूही वेळेवर काढला जातो. हा एक विषय मात्र संकोचापायी उंबऱ्याबाहेर राहतो. लेकीने वा सुनेने तो आत आणावा, आणि मुलाने त्यात लाज मानू नये. जिने जन्मभर सारे अंगावर काढले, तिला निदान एवढे तरी अंगावर काढावे लागू नये.